कोजागिरीला स्लॅबवर हॉरर लावायचाय, पण अंधारच मिळत नाही. दिसायला भारी असे कोणते?

स्लॅबवाला_खामला:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दरवर्षी कोजागिरीला स्लॅबवर वीसेक लोक जमतात, दूध आटेपर्यंत अंताक्षरी नाहीतर हाउजी, तेच ते. मागच्या वर्षी मी जोशात सेकंडहँड प्रोजेक्टर घेतला अन् 'तुंबाड' लावला. २०२४ ला थेटरात परत लागला तेव्हा पाहिला होता, तो पाऊस अन् तो वाडा डोक्यातून जातच नव्हता, म्हटलं सगळ्यांना दाखवू. बाप्पा, चादरीवर काय दिसावं? राखाडी. नुसतं राखाडी. कंदील तेवढा हलताना दिसे, बाकी कोण कुठे उभा आहे पत्ता नाही. काकू दर पाच मिनिटांनी "लाइट गेली का रे?" शेवटी देवीच्या गर्भातला तो लालभडक भाग आला तेव्हा कुठे लोक म्हणाले, हां, आता दिसून राहिलं.
तर यंदा असे हॉरर सांगा ज्यांची मजा नुसतं बघण्यातच आहे, रंग, सावल्या, सेट वगैरे, आणि जे चांदण्यात पण उठून दिसतील. आई, काकू, दोन शाळकरी पोरं असणार, त्यामुळे अंगप्रदर्शन अन् चिरफाड नको. दचकवणारे मोठे आवाज पण नको, खालच्या मजल्यावरचे आजोबा हार्ट पेशंट आहेत.

तर्री_जास्त:
आधी चंद्राला बदनाम करणं बंद कर भाऊ. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असला तरी त्याचा उजेड पाव लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास असतो, तुझ्या गल्लीतला एलईडीचा खांब त्याच्या कितीतरी पट उजेड चादरीवर टाकत असेल. आणि प्रोजेक्टरला काळा रंग फेकताच येत नाही हे डोक्यात घे, तो फक्त उजेड फेकतो. पडद्यावरचा काळा म्हणजे जिथे उजेड पडला नाही ती चादर, आणि चादरीवर खांबाचा उजेड आधीच पडलेला, म्हणजे तुझा काळा तिथेच राखाडी झाला. 'तुंबाड'मधे पंकज कुमारचा कॅमेरा अर्धा सिनेमा काळोखाच्या जोरावर ओढतो, पावसाळ्याचं ढगाळ आभाळ, एखादा दिवा, बस. खरा पाऊस पाहिजे म्हणून कित्येक पावसाळे शूटिंग केलं त्या लोकांनी, आणि तू ते बेडशीटवर लावलं. 😄
चादर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बांध, खांबाकडे पाठ करून. टाकीला पांढरा पेंट असेल तर तिच्यावर काहीतरी गडद टाक. अन् पिक्चर मोठा करायचा मोह आवर, जितका मोठा तितका फिका.
पिक्चर म्हणशील तर 'कॅलिगारी', १९२० चा, जर्मन. मूकपट आहे, म्हणजे आवाजाचा प्रश्नच मिटला, वर सव्वा तासात संपतो. त्यातली घरं, खिडक्या, रस्ते सगळे वाकडेतिकडे रंगवलेले आहेत आणि मुख्य म्हणजे सावल्यासुद्धा ब्रशनं रंगवलेल्या! भिंतीवर जमिनीवर चक्क रंगानं उजेडाचे पट्टे काढलेत. काळापांढरा इतका ठणठणीत आहे की चादरीवर पण टिकेल.

पारकॅन_नागपुरी:
मी लग्नाच्या लायटिंगचं काम करतो त्यामुळे मले हा विषय जवळचा हाय. लोकायले वाटते का भीती म्हंजे अंधार. नाही ना बे. इटालियन 'सस्पिरिया' पाह्य, १९७७ चा. अंधार कमी अन् लाल निळा हिरवा इतका की डोळे दुखतेत, एक खोली लाल त दुसरी निळी, अन् काऊन लाल हाय याचं कारण कोणीच सांगत नाही. डायरेक्टर आर्जेंतोले डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'सारखे रंग पाहिजे होते. कॅमेरामन तोव्होलीनं काय केलं, रंगीत कापडाच्या अन् कागदाच्या चौकटी कलाकाराच्या तोंडाच्या एकदम जवळ आणल्या अन् त्यातून दणकून लाइट मारला. आपण मांडवात पारकॅनवर, म्हंजे स्टेजच्या डब्यासारख्या लाइटवर, रंगीत जिलेटिन कागद लावतो तोच प्रकार, फक्त आपण स्टेजपासून वीस फुटांवर उभे रायतो म्हणून नवरदेव गुलाबी दिसते, भुतासारखा दिसत नाही. वरून प्रिंटा काढल्या त्या जुन्या टेक्निकलर पद्धतीनं, तीन रंग वेगवेगळे चढवून. तवाच ते पद्धत मोडीत निघाली होती.
पण पोरायसमोर लावू नको, सुरुवातीलेच एक खून हाय तो लय वंगाळ हाय. पोरं झोपल्यावर लाव.
अजून एक सांगतो, हे मी सोता पाह्यलेलं हाय. मागं एका रिसेप्शनले आमच्या पोरानं स्टेजवरचे सगळे लाइट लाल करून टाकले. फोटोवाला बोंबलला, "नवरीचं कुंकू कुठं गेलं?" अन् खरंच, कपाळ कोरं! कुंकू लावलेलं होतं, पण लाल उजेडात कातडी पण तेवढीच उजळ अन् कुंकू पण तेवढंच उजळ, मंग दिसन कसं. हिरवा लावला त तेच कुंकू काळं ठिक्कर. मले तवा हसू आलं, मंग एक दिवस १९३१ चा 'जेकिल अँड हाइड' पाह्यला. त्यात हिरोच्या तोंडावर एकही कट न मारता सुरकुत्या अन् काळे डाग उमटत जातेत. म्हटलं हे त आपलंच कुंकू हाय! तोंडाले रंगीत मेकअप आधीच लावून ठेवला, कॅमेऱ्यासमोरचा फिल्टर हळूहळू बदलला, अन् फिल्म काळीपांढरी असल्यानं रंग बदलला हे कोणाच्याच ध्यानात येत नाही, फक्त डाग दिसू लागतेत. शंभर वर्षं होत आली त्याले, अन् कम्प्युटरचा एक रुपया खर्च नाही.

गोकुळपेठची_माई:
पारकॅन दादा, कुंकवाचा किस्सा एक नंबर!
स्लॅबवाला, काकूंना सबटायटल वाचता येतील का याचा विचार केलास का? चादर वाऱ्यानं हलली की खालची ओळ गेलीच. माझं मत 'महाल' लावावा, १९४९ चा. आपला नागपुरातला महाल भाग नाही रे, अशोककुमार-मधुबालाचा सिनेमा. 😀 भीती म्हणशील तर आजच्या पोरांना जांभया येतील, पण बघण्यासारखा आहे, तो हलणारा झोपाळा, ती झुंबरं, जिन्यावरून सरकणाऱ्या सावल्या. कॅमेरा योसेफ वीर्शिंग नावाच्या जर्मन माणसाचा, तो बॉम्बे टॉकीजमधे होता. वर तर्री_जास्त म्हणतात तो 'कॅलिगारी' निघाला तेव्हा हा माणूस जर्मनीतच वाढत होता, त्यामुळे त्या वाकड्या सावल्या मालाडच्या स्टुडिओत कशा पोचल्या हे कोडं मला तरी पडत नाही. शिवाय 'आएगा आनेवाला' लागलं की तुझ्या आई-काकू सोबत म्हणायला लागतील, अंताक्षरीची हौस पण भागेल.
पण माझा स्वतःचा सगळ्यात लाडका जपानी 'क्वायदान', १९६४. तीन तासांचा आहे म्हणून पूर्ण लावू नको, चार वेगळ्या गोष्टी आहेत त्यातल्या दोन लाव. बर्फातल्या बाईची गोष्ट: मागचं आभाळ सगळं हातानं रंगवलेलं, आणि त्या आभाळात चक्क मोठमोठे डोळे आहेत, तुमच्याकडे बघणारे. कोणी त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. आणि आंधळ्या होइचीची गोष्ट पोरांना हमखास आवडेल. भुतांनी नेऊ नये म्हणून भिक्षू त्याच्या सगळ्या अंगावर मंत्र लिहितात, पापण्यांवर, तळपायावर, आपण रामरक्षा म्हणतो तसंच म्हण ना, फक्त शाईनं, आणि कानांवर लिहायचं विसरतात. पुढचं सांगत नाही. (त्यात थोडं रक्त आहे, पण ओंगळ नाही.) आवाज तर इतका कमी आहे की मधे मधे संपूर्ण शांतता असते, आजोबांना काही होणार नाही, उलट तुम्हालाच आपलं दूध उकळल्याचा आवाज येऊन दचकायला होईल.

बुटीबोरी_बॅचलर:
एवढं काय डोकं लावता बे, रामसेंचा 'पुराना मंदिर' लावा. धूर, निळा लाइट, वीज कडाडली, काम झालं. काकू पण खूश.

तर्री_जास्त:
@बुटीबोरी हसू नका याला कोणी, रामसेंचे रंग खरंच बघण्यासारखे असतात. पण वीज कडाडायचा आवाज आहे ना बाबा, खाली आजोबा.
बाकी ममूटीचा 'भ्रमयुगम' कोणी सुचवण्याआधी सांगतो, २०२४ चा आहे, पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट, अख्खा सिनेमा एका पडक्या घरात, अप्रतिम आहे. अन् तेवढाच अंधारा. घरी दिवे बंद करून बघ, स्लॅबवर नको. 'तुंबाड'चीच गत होईल.

गोकुळपेठची_माई:
मराठी कोणी बोललंच नाही! 'लपाछपी', २०१७. उसाच्या फडात भरदुपारी हरवायला होतं त्यात, दिवसाचा उजेड असून रस्ता सापडत नाही. उजेडातला आहे म्हणजे चादरीवर दिसेल पण. विषय मात्र गरोदर बाईचा आणि जड आहे, पोरांसमोर नको.

स्लॅबवाला_खामला:
सगळ्यांचे आभार मंडळी. ठरलं असं: साडेनऊला 'क्वायदान'मधल्या दोन गोष्टी, मी स्वतः बाजूला बसून सबटायटल मराठीत वाचून दाखवणार, कीर्तनकारासारखा. मग चंद्र डोक्यावर आला की दूध. दूध झाल्यावर 'महाल', ज्याला झोप येईल तो जाईल. 'सस्पिरिया' आम्ही चौघं नंतर कधीतरी हॉलमधे पडदे लावून बघू. काल रात्री चादर टाकीच्या आडोशाला बांधून ट्रायल घेतली, फरक आहे भाऊ, मान गये. फक्त परतीचा पाऊस त्या दिवशी नको यायला.
अन् पारकॅन दादा, तुमचं ऐकून मी आत्ता किचनमधे दिवा बंद केला, मोबाइलची स्क्रीन पूर्ण लाल केली आणि आईच्या कपाळासमोर धरली. कुंकू खरंच जवळपास गायब! हिरवी केली तर काळं. मी दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा करायला गेलो तर ती म्हणे, "तो मोबाइल ठेव तिकडे, अन् हे भिजवलेले बदाम सोल."