तारकर्लीच्या गर्दीत विंडसर्फिंग: पाण्यात कुठून शिरायचं?

रंकाळ्याकाठचा:
जानेवारीतल्या रविवारी राधानगरी-फोंडा घाटाने उतरून तारकर्लीला जायचा बेत आहे. वजन ७२ किलो. बोर्ड १९० लिटरचा, डॅगरबोर्डसकट (मधून खाली पाण्यात उतरणारी फळी). सेल (पाल) ५.५ चौरस मीटर, लफ म्हणजे मास्टलगतची कड ४२८ सेंमी, मास्ट (डोलकाठी) ४०० सेंमी. शांत पाण्यात जाऊन-वळून येता येतं. पण सुट्टीला किनाऱ्यावर आंघोळीची झुंबड, बनाना बोटी, जेट स्की. किती वाजता आणि कुठून उतरावं? दुसरं म्हणजे, सेलवर मास्टपासून आडव्या सुरकुत्या पडतात, त्या कशाने?

खारावारा:
सकाळची घाई करू नका. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी अगदी सपाट दिसतं आणि तेच फसवतं. माडांच्या आडोशाला वारा जाणवत नाही. शंभर-दोनशे मीटर आत गेलं की तो पाठीवर बसतो आणि परतताना तोंडावर येतो. समुद्राकडून येणारा खारा वारा साधारण बारा-एकनंतर धरतो, तीन-चारला भरात असतो. तुमच्यासाठी ८ ते १० नॉट, म्हणजे ताशी १५ ते १८ किलोमीटर, पुरे. लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला की ५.५ तुम्हाला जड जाईल.

आता उतरायची जागा. दुपारचा वारा बहुतेक वायव्येचा, म्हणजे समुद्राकडे तोंड केलं की उजवीकडून येतो. नवशिका कितीही सरळ गेला तरी वाऱ्याखाली घसरतोच, इथे डावीकडे, दक्षिणेच्या देवबाग गावाच्या अंगाला. म्हणून गर्दीच्या डावीकडून उतरा. उजवीकडून उतरलात तर प्रत्येक फेरीगणिक आंघोळीच्या घोळक्यात सरकत जाल. भावा, बाकी काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नको. मात्र कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत घसरू नका. ओहोटीला नदीचं पाणी तिथून जोरात बाहेर ओढतं.

राजारामपुरीकर:
सुरकुत्यांचं कारण डाउनहॉल, म्हणजे सेल मास्टवर खाली ओढणाऱ्या दोरीचा ताण, कमी. ४२८ वजा ४००, म्हणून मास्टच्या बुडाचं एक्स्टेंशन (लांबी वाढवणारा तुकडा) २८ वर लावा. आधी डाउनहॉल पूर्ण ओढा, मगच आउटहॉल (सेल मागे ताणणारी दोरी). उलट केलं तर बूमवर, म्हणजे हातात धरायच्या आडव्या दांड्यावर, ताणलेली सेल ताठ दिसते, पण मास्टजवळचा भाग ढिलाच राहतो. सेलमधल्या वरच्या एक-दोन आडव्या पट्ट्यांमधलं कापड मागच्या कडेला थोडं सैल पडलं की डाउनहॉल बरोबर. बूम खांदा ते हनुवटीच्या मध्ये. मास्टचे दोन तुकडे जोडण्याआधी सांधा पुसा. वाळूचे चार कण अडकले तरी संध्याकाळी तो दोघांनी ओढूनही सुटत नाही.

रिग (जोडलेले मास्ट, सेल आणि बूम) वाळूवर ठेवताना मास्ट वाऱ्याकडे. उलटी ठेवली तर झुळकीत सेल उचलली जाते आणि बूम पोराबाळांच्या डोक्याच्या उंचीवरून जातं.

रंकाळ्याकाठचा:
धन्यवाद दादा. समोरून दुसरा बोर्ड आला तर? आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) चालू असेल तर?

खारावारा:
बाहेर जाताना वारा उजवीकडून, उजवा हात पुढे; तेव्हा वाट तुमची. परतताना वारा डावीकडून, वाट तुम्ही सोडायची. आंघोळ करणाऱ्यांपुढे मात्र आपला हक्क नाहीच: बोर्ड हाताने धरून पाण्यातून चालत न्या, पाणी कमरेच्या वर आल्यावरच चढा. बोर्डखालची फिन (मागचं पातं) उथळात टेकली की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. पडताना सूर मारू नका, पाठीवर पडा. परततानाही तेवढ्याच पाण्यात उतरा.

रापण लागली असेल तर दोन्ही दोर किनाऱ्यापर्यंत येतात आणि जाळं मध्ये अर्धगोल पसरलेलं असतं. त्या दोन दोरांच्या मध्ये शिरायचंच नाही. डॅगरबोर्ड दोरात अडकला तर त्यांची मेहनत फुकट जाते. ओढणाऱ्या मंडळींना आधी विचारा, ओढून कधी होईल ते नीट सांगतात.

राजारामपुरीकर:
एक राहिलं. काही तुटलं तर बोर्ड सोडून पोहत यायचं नाही. बोर्डवर बसून दोन्ही हात बाजूंनी सावकाश वर-खाली करा, ही मदतीची खूण बोटवाल्यांना कळते. लाइफ जॅकेट भडक रंगाचं घ्या.