मदत हवी आहे: आत्याला घेऊन दोन दिवस दिल्ली
मंडळी, ग्वाल्हेरहून आत्याला (वय ७६, गुडघे कुरकुरतात) दिल्ली दाखवायला नेतोय, शनि-रवि दोनच दिवस, सोमवारी लाल किल्ला बंदच असतो. तिचा हट्ट एकच, दिवाण-ए-खास, जिथलं चांदीचं छत १७६० साली सदाशिवरावभाऊंनी उतरवलं. आता तिथे चांदी नाहीये हे सांगून दमलो, तरी जायचंच!! आत चालणं किती पडतं, व्हीलचेअर मिळते का? नंतर कुतुब की हुमायूनचा मकबरा? कुतुबवर १९८१ पासून चढूच देत नाहीत म्हणजे खालूनच बघायचं, ते बरं, पण मकबऱ्याच्या पायऱ्या लईच उभ्या आहेत म्हणे. आणि महाराष्ट्र सदनात बाहेरच्यांना जेवण मिळतं का, आत्याला छोले-भटुरे चालत नाहीत.