मदत हवी आहे: आयफोन १३ वरून १७ घ्यावा का?

धागाकर्ता: फोन १२८ जीबीचा, बॅटरी हेल्थ ७८ टक्के. दुपारी चारलाच चार्जर शोधावा लागतो. उन्हात स्क्रीन अंधारते, चार्जिंग मधेच थांबतं. स्टोरेज भरलंय. कामासाठी नकाशा सतत लागतो, म्हणून फोन स्कूटरच्या होल्डरवर. १७ घेऊन हे सगळं सुटेल, की नुसती बॅटरी बदलू?

बर्डीकर: सगळं नाही सुटणार, भाऊ. ॲपल वापरासाठी कमाल ३५ अंश सांगते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या घरात. फोन तापला की तो स्वतःच उजेड घटवतो, चार्जिंग थांबवतो. १७ सुद्धा हेच करेल. आधी कूलरसमोर वापरून पाहा. तिथेही चार्ज भराभर उतरत असेल तर दोष बॅटरीचा. १३ ची बॅटरी ५०० सायकलनंतर (पूर्ण चार्जच्या फेऱ्यांनंतर) ८० टक्के क्षमता टिकवेल अशी बनवलेली असते, म्हणजे तुमची बदलायला आलीच आहे. अधिकृत सेंटरमधूनच बदला, नाहीतर सेटिंगमध्ये 'अज्ञात भाग' असा शेरा दिसू शकतो. स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर बॅटरी फुगली समजा आणि चार्जिंग लगेच बंद करा.

धरमपेठी: फरक खरा कुठे पडतो ते सांगतो. उन्हात १३ ची स्क्रीन ८०० निट्सपर्यंत (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप), १७ ची ३,००० पर्यंत. भर दुपारी नकाशा वाचणाऱ्याला हा फरक मोठा आहे, फक्त फोन तापेपर्यंतच टिकेल. शिवाय १२० हर्ट्झ, म्हणजे स्क्रीन जास्त सफाईने सरकते, आणि स्टोरेजची सुरुवातच २५६ जीबीपासून. बाजारात आला तेव्हा किंमत ८२,९०० रुपये होती. नुसत्या स्टोरेजसाठी एवढे घालू नका. आधी व्हॉट्सॲपच्या 'मॅनेज स्टोरेज'मधून मोठे व्हिडिओ उडवा.

होल्डरचं मात्र मनावर घ्या. इंजिनच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं, हे ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. स्कूटरला थरथर कमी, तरी धक्के शोषणारा होल्डरच लावा. कॅमेरा उघडून हात स्थिर ठेवा: १x वर चित्र थरथरतं आणि ०.५x वर स्थिर राहतं, तर मुख्य कॅमेरा गेलाय. तसं असेल तर बॅटरीवर खर्च करण्याआधी कॅमेऱ्याचाही अंदाज घ्या.

धागाकर्ता: पाहिलं, दोन्हीकडे चित्र स्थिर आहे. १७ ला जुना चार्जर चालेल?

बर्डीकर: २० वॅटचा टाइप-सी ॲडॅप्टर चालेल, लाइटनिंग केबल नाही. पण कॅमेरा धड आहे तर आधी बॅटरी बदला, आणि गाडीवर भर उन्हात चार्जिंग लावू नका.