बाबांची उरलेली औषधं

मोनाली (बी-७०३): नमस्कार. बाबांचं कपाट आवरतेय. बीपीच्या सीलबंद स्ट्रिपा, थोडी अँटिबायोटिक, इन्सुलिनच्या सुया, ट्रामाडॉल या वेदनाशामकाची अर्धी स्ट्रिप आणि फेंटानिलचे (तीव्र वेदनेसाठी त्वचेवर चिकटवायचे) काही पॅच उरलेत. कुणाला काही हवं असेल तर सांगा, नाहीतर उद्या कचऱ्यात देते.

प्रधान काका (ए-२०१): बीपीची टेल्मा ४० आहे का? असेल तर मी वर येतो.

डॉ. सायली (ए-५०२): काका, तुमची गोळी तुमच्याच चिठ्ठीवरची घ्या, प्लीज. मोनाली, पॅच मात्र उद्यावर टाकू नकोस. वापरून काढलेल्या पॅचमध्येसुद्धा बरंच औषध शिल्लक असतं. लहान मुलानं खेळता खेळता अंगाला चिकटवला तर श्वास बंद पडू शकतो. चिकट बाजू आत घेऊन दुमड आणि कमोडमध्ये फ्लश कर. ट्रामाडॉलही स्ट्रिपमधून काढून तसंच.

देशपांडे (बी-१०२): फ्लश?? औषधं पाण्यात सोडू नका म्हणतात ना?

डॉ. सायली (ए-५०२): बरोबर म्हणतात. अँटिबायोटिक गेलं तर पाण्यातले जंतू त्याला सरावतात. म्हणून सरसकट नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिलीय, तेवढीच फ्लश करायची. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, डायझेपाम वगैरे. चुकून दुसऱ्या कुणी घेतली तर एका डोसनंही जीव जाऊ शकतो, म्हणून ती घरात ठेवण्यापेक्षा हे बरं.

मोनाली (बी-७०३): बरं झालं विचारलं, सायलीताई. आत्ताच करते. बाकीचं मेडिकलवाला परत घेईल का?

देशपांडे (बी-१०२): बिल असेल तर विचारून बघ. पण आपण उन्हात ठेवलं की फ्रीजमध्ये, त्याला काय कळणार? तेच पुढे कुणाला विकलं तर? केरळात कोझिकोडला सरकारनंच घरातली जुनी औषधं गोळा करायला सुरुवात केलीय, ‘एनप्राउड’ नावानं. तसं इकडे हवं.

सेक्रेटरी: इकडे निदान पिवळी पिशवी आहे. मुंबई मनपानं मे २०२५ पासून सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा उचलायला घेतलाय. आपली नोंदणी डायपरसाठी केलेली आहेच, मुदत संपलेली औषधंही त्यातच चालतात. सुया सुट्या टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बरणीत भरून, झाकण टेपनं बंद करून, वर ‘सुया’ लिहून द्या. कचरा वेगळा करणाऱ्या मावशींना मागे एकदा टोचलीय.

मोनाली (बी-७०३): हो दादा. चिठ्ठ्या आणि लेबलं फाडून टाकते, बाबांचं नाव आहे त्यावर.

प्रधान काका (ए-२०१): माझ्याकडे २०१९ चं कफ सिरप आहे. तेही पिवळ्या पिशवीत?

डॉ. सायली (ए-५०२): हो काका. घेत नाही ना ते अजून?

प्रधान काका (ए-२०१): काल नाही घेतलं.