सांगे तालुक्यात तांब्याचे हिरवे डाग असलेली क्वार्ट्झची शीर: शोधाचा आराखडा कसा करावा?

व्हाळकाठ (धागाकर्ता)

सांग्याच्या पूर्वेला, घाटाच्या पायथ्याशी एका व्हाळात (ओढ्यात) मेटाबेसाल्टमध्ये (रूपांतरित बेसाल्ट खडकात) ३० ते ४० सेंटीमीटर जाडीची क्वार्ट्झची शीर उघडी पडली आहे. दिशा वायव्य-आग्नेय, उतार ईशान्येला ६५ अंश. शिरेच्या कडांना हिरवे डाग, तपकिरी जाळीदार लोहभाग आणि ताज्या फोडीत पितळी कण दिसतात. हातातल्या एक्सआरएफने (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणारे यंत्र) एका तुकड्यात २.१ टक्के तांबे दाखवले. दोन्ही बाजूंना शीर जांभ्याच्या गोट्यांखाली गडप होते, खालच्या अंगाला कुळागर (पोफळीची बाग) आहे. रस्ता दोन किलोमीटर लांब, पुढे पायवाट. गटासाठी अभ्यास-आराखडा लिहायचा आहे. मातीचे नमुने किती अंतरावर घ्यावेत, भूभौतिकी कोणती, बोअर किती आणि परवानग्या कोणत्या?

खडकपारखी

त्या २.१ टक्क्यांवर काहीच उभारू नका. एक्सआरएफची खिडकी जेमतेम ८ मिलिमीटरची. ती हिरव्या डागावर टेकवली तर यंत्र त्या डागाचेच प्रमाण सांगते, शिरेचे नाही.

आधी खनिजे पक्की करा. गोव्यात हिरवे म्हणजे मॅलाकाइटच (तांब्याचे हिरवे कार्बोनेट) असे नाही. मेटाबेसाल्टमध्ये क्लोराइट आणि एपिडोट ही हिरवी खनिजे भरपूर असतात, उसगाव-बोंडला पट्ट्यात सर्पेंटाइनही मिळते. डागावर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. मॅलाकाइट फसफसते. त्याच ओल्या जागी लोखंडी चाकूचे घासलेले, स्वच्छ पाते मिनिटभर धरा. तांबे असेल तर पात्यावर तांबूस थर चढतो. पितळी कण चाकूने सहज ओरखडले तर चाल्कोपायराइट (तांबे-लोह सल्फाइड), चाकूला दाद दिली नाही तर पायराइट (नुसते लोह सल्फाइड). लोहचुंबकाला ओढ लागली तर पायरोटाइटही (चुंबकीय लोह सल्फाइड) आहे, आणि ते पुढे भूभौतिकीत कामाला येते.

मग चॅनेल नमुना घ्या. शिरेला काटकोनात १० सेंटीमीटर रुंद, ३ सेंटीमीटर खोल खाच. एक मीटर लांबीला साधारण ८ किलो माल निघतो. शीर एक नमुना, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचे पहिले ५० सेंटीमीटर वेगळे दोन नमुने. या भिंतीच खऱ्या महत्त्वाच्या आहेत. चित्रदुर्गजवळच्या इंगळदाळला तांबे धारवाड खडकसमूहाच्या मेटाबेसाल्ट पट्ट्यातच आहे. इथेही भिंतीच्या खडकात सल्फाइड विखुरलेले आहे की फक्त फटीत भरले आहे, यावरच पुढचा सगळा खर्च ठरतो.

मातीचा_नमुना

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता मातीबद्दल, कारण गोव्यात तांब्याचा शोध बहुतेक वेळा इथेच चुकतो. मातीतला तांब्याचा आकडा चार कारणांनी फसवतो.

पहिले म्हणजे मूळ खडक. बेसाल्टी खडकात मुळातच १०० पीपीएमच्या (दशलक्षात १०० भाग) आसपास तांबे असते, ग्रॅनाइटमध्ये १० ते २०. मेटाबेसाल्टवरच्या मातीत १५० पीपीएम आले तर ती विसंगती (खनिजसाठा सुचवणारी वाढ) नव्हे. आधी नकाशावर खडक वेगळे करा, मग प्रत्येक खडकाची पार्श्वपातळी (एरवीची नेहमीची पातळी) स्वतंत्र काढा. सगळे नमुने एकत्र करून सरासरी काढली की मेटाबेसाल्टची सीमा तेवढी नकाशावर उमटते.

दुसरे मँगनीज. सांगे-केपे भागात मँगनीजयुक्त फायलाइट (पापुद्र्यांचे रूपांतरित खडक) आहेत, आणि मँगनीजचे काळे ऑक्साइड तांबे, कोबाल्ट, निकेल, जस्त पाण्यातून शोषून धरतात. तांब्याबरोबर मँगनीज आणि कोबाल्टही चढत असतील तर तो आकडा बाजूला ठेवा.

तिसरे जांभा. इथे खोटी वाढ नसते, उलट खरे लपते. सल्फाइड कुजताना आम्ल तयार होते आणि तांबे त्यात विरघळून वाहून जाते. उरतो तो लोहाचा सांगाडा. म्हणून जांभ्यात तांबे कमी आले तरी जागा निकाली काढू नका. आर्सेनिक, बिस्मथ, मॉलिब्डेनम, चांदी हे सोबती तपासा, ते जास्त चिकटून राहतात.

चौथे कारण तुमच्या पायाखाली आहे: कुळागर. पोफळीच्या कोळेरोगावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे. हेक्टरी १००० लिटर फवारा धरला तर एका वेळी अडीच किलो तांबे पडते. वर्षाला दोन फवारण्या, ३० वर्षे, आणि सगळे तांबे वरच्या १० सेंटीमीटरमध्येच राहिले असे धरा: ११५ पीपीएमच्या आसपास भर. हा आकडा खऱ्या विसंगतीएवढा भरतो! ओळखायचे कसे? एकाच खड्ड्यात १०, ३० आणि ६० सेंटीमीटरवर नमुने घ्या. फवारणीचे तांबे खाली झपाट्याने घटते आणि त्याला आर्सेनिक-बिस्मथची सोबत नसते. व्हाळाच्या गाळाचे नमुने कुळागराच्या वरच्या अंगालाच घ्या.

अंतर: शिरेला आडव्या रेषा ५० मीटरवर, रेषेवर नमुने १० मीटरवर, कारण शीर अरुंद आहे. पालापाचोळ्याचा काळा थर काढून ३० ते ५० सेंटीमीटर खोलीचा नमुना, साधारण एक किलो. गोटे डोंगरावरून घसरत आलेले असतील तर ती माती तिथली नाहीच. गोटे हाताने बाजूला करून ऑगरने (हातगिरमिटाने) कुजलेल्या मूळ खडकापर्यंत पोचा. चाळणी ८० मेशची (इंचाला ८० छिद्रे), नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची. पितळी चाळणीने तांबे आणि जस्त दोन्ही नमुन्यात उतरतात.

व्हाळकाठ

भूभौतिकी मातीच्या आधी केली तर रेषा कमी होतील का?

कोअर_पेटी

नाही, माती आधी. स्वयंविभव (जमिनीतला नैसर्गिक विद्युतदाब) मोजणीची सच्छिद्र भांडी मोरचुदाच्या द्रावणाने भरलेली असतात आणि ती झिरपतात. त्याच बिंदूवरून नंतर तांब्यासाठी माती उचलली तर तो नमुना गेला.

स्वयंविभव स्वस्त आहे, सामान पाठीवर नेता येते. पण ग्रॅफाइटयुक्त फायलाइटही सल्फाइडसारखीच मोठी ऋण विसंगती देतो. चुंबकीय मोजणी पायरोटाइट असेल तरच उपयोगी, आणि जवळ पट्टित लोहखनिज असेल तर त्याचा प्रभाव सगळे झाकून टाकतो. विखुरलेल्या सल्फाइडसाठी प्रेरित ध्रुवण, म्हणजे आयपी (प्रवाह तोडल्यावर जमिनीत मागे उरणारा विद्युतदाब मोजणे), सर्वांत बरे. ते पावसानंतर लगेच, ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये करा. मार्चनंतर सुकलेल्या जांभ्यात इलेक्ट्रोडचा संपर्क-रोध इतका चढतो की मिठाचे पाणी ओतूनही प्रवाह पुरेसा जात नाही.

बोअर: शीर ईशान्येला उतरते, म्हणून यंत्र ईशान्य बाजूला ठेवून नैर्ऋत्येकडे ५० अंशांनी तिरके मारा. सपाट जमीन धरली तर ४० मीटर खोलीवर शीर गाठायला उघड्या शिरेपासून ५२ मीटरवर यंत्र, आणि तिथपर्यंतची लांबीही ५२ मीटर. शिरेशी कोन ६५ अंश, म्हणून कोअरमधल्या (बोअरमधून निघणाऱ्या खडकाच्या दांड्यातल्या) लांबीला ०.९१ ने गुणले की खरी जाडी मिळते. अशी दोन छिद्रे ५० मीटर अंतराने आणि एक ८० मीटर खोलीसाठी. प्रत्येक छिद्र शिरेपुढे किमान १० मीटर न्या. एकूण २४० मीटर.

बिघडते कुठे? जांभ्याच्या पोकळ्यांत पाणी निघून जाते आणि कुजलेला खडक धुऊन जातो. कोअर हरवते ती नेमकी शिरेच्या मऊ कडांवर, म्हणजे हवी तिथेच. वर एचक्यू (जाड कोअर), ताज्या खडकात एनक्यू (त्याहून बारीक कोअर). मऊ भागात तिहेरी नळी, अर्ध्या ते एक मीटरचे छोटे टप्पे आणि पाण्याचा दाब कमी. रॉडच्या आट्यांना तांबेयुक्त ग्रीस अजिबात लावू नका. प्रयोगशाळेला दर २० नमुन्यांमागे एक प्रमाणित (तांब्याचे प्रमाण माहीत असलेला), एक कोरा (तांबे नसलेला) आणि एक दुहेरी (त्याच मालाचा दुसरा) नमुना पाठवा.

खडकपारखी

आता आकार. २०० मीटर लांबी, ८० मीटर खोली, ०.४ मीटर जाडी, घनता २.८: साधारण १८,००० टन. दोन टक्के धरले तर ३६० टन तांबे. शिवाय ४० सेंटीमीटरच्या बोगद्यात माणूस मावत नाही. खणताना किमान १.२ मीटर रुंदी घ्यावी लागते. भिंती कोऱ्या निघाल्या तर दोन टक्क्यांचे ०.६७ होतात, आणि एवढ्याशा टनासाठी रस्ता बांधणे परवडत नाही. म्हणून चॅनेल नमुन्यात भिंतींत ०.३ टक्क्यांहून कमी तांबे आले तर माझ्या मते बोअरचा विचार तिथेच सोडावा. भिंतींत सल्फाइड असेल तर मात्र मनापासून पुढे जा.

कोअर_पेटी

परवानग्यांचे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. जागा आधी नेत्रावळी अभयारण्याच्या सीमेशी ताडून पाहा. आत असेल तर खणकामाचा विषयच संपतो. बाहेर पण वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी. खाण व खनिजे अधिनियम १९५७ खाली परवान्याशिवाय पूर्वेक्षण करता येत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने तांबे सातव्या अनुसूचीत आले आणि त्यासाठीचा अन्वेषण परवाना लिलावाने मिळतो. त्यामुळे आराखड्यात चर आणि बोअर कागदावरच ठेवा. खाच, खड्डे, ऑगर यांसाठीही खाण खात्याला आणि जमीनमालकाला आधी लेखी विचारा. निरीक्षण आणि नकाशा तुमच्या हातात आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवरून खडकांचा नकाशा आणि भूरासायनिक माहिती उतरवून घ्या. त्या सर्वेक्षणात दर चार चौरस किलोमीटरच्या चौकोनाला एक गाळनमुना तपासतात. तुमच्या व्हाळाचा चौकोन त्यात आधीच मोजलेला असेल, तर जागेवर जाण्याआधी पार्श्वपातळीचा अंदाज येईल.