आयएसआय नसलेल्या इम्पोर्टेड हेल्मेटवर चलान – मदत हवी आहे

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. भाऊ जर्मनीहून येताना चांगलं फुल-फेस हेल्मेट घेऊन आला. हनुवटीच्या पट्ट्यावर ईसीई 22.06 (हेल्मेटचं युरोपियन सुरक्षा मानक) चं लेबल शिवलेलं आहे, गोलात ई आणि बाजूला 1. पण मागे आयएसआयचा शिक्का नाही. पुण्यात सिग्नलला अडवलं आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 डी खाली ई-चलान लावलं, म्हणजे विनाहेल्मेटचंच कलम! कायद्यात त्याला 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द असं आहे.

1 जून 2021 पासून देशात आयएसआयशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, हे माहीत आहे. पण विकणं वेगळं, घालणं वेगळं ना? (फूटपाथवरच्या पुठ्ठ्यासारख्या टोप्यांवर मात्र आयएसआयचं स्टिकर झळकतं, त्यांना कोणी हात लावत नाही.)

दंडापेक्षा लायसन्सची काळजी आहे, रोजचं ऑफिस बाइकवरच. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाकू की थेट कोर्टात म्हणणं मांडू? आणि उद्या अपघात झालाच तर ‘हेल्मेट मान्यताप्राप्त नव्हतं’ म्हणून भरपाई कापतात का? वकील किंवा क्लेमचं काम करणारं कोणी असेल तर प्लीज सांगा.