सल्ला हवा: लॅपटॉपवर आधी लक्स की आधी एलव्हीएम?

चहाबाज: मंडळी, डेबियन 12 (लिनक्स) टाकतोय, 512 जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि शिवाय 1 टीबीची जुनी हार्डडिस्क पण आत आहे. लॅपटॉप घेऊन सारखा ट्रेनने फिरतो म्हणून सगळं एन्क्रिप्ट पाहिजे, रूट (सिस्टीम) आणि होम (माझ्या फाइली) यांची साइझ नंतर बदलता आली पाहिजे आणि हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) पण लागतं. आता कुणी म्हणतं आधी लक्स (डिस्क एन्क्रिप्ट करणारं) नि त्याच्या आत एलव्हीएम (जागेचे हवे तसे भाग, म्हणजे व्हॉल्यूम, पाडणारं), कुणी म्हणतं बरोबर उलटं. काय करू?

रूटवाला: लक्स खाली, एलव्हीएम वर, फार विचार करू नकोस. पासवर्ड एकदाच टाकायचा की रूट, होम, स्वॅप (रॅमला पूरक डिस्कवरची जागा, हायबरनेट तिथेच साठतं) सगळं उघडतं, आणि बंद लॅपटॉपची डिस्क कुणी काढून बघितली तरी आत किती व्हॉल्यूम आहेत, नावं काय, काहीच कळत नाही. उलटं केलंस तर तो सगळा नकाशा उघडा, वर साइझ वाढवताना आधी एलव्हीएक्स्टेंड (व्हॉल्यूम वाढवायची कमांड) मग क्रिप्टसेटअप रिसाइझ (लक्सचा थर वाढवायला) मग फाइलसिस्टीम, कोण करत बसणार! इकडे एलव्हीएक्स्टेंडला मायनस आर लावला की फाइलसिस्टीमही वाढते, चालू मशीनवर. फक्त एक्सएफएस ही फाइलसिस्टीम घेऊ नको, ती लहान करता येत नाही. ईएक्सटी4 करता येते, अनमाउंट करून.
इन्स्टॉलरमध्ये गाइडेड एन्क्रिप्टेड एलव्हीएम आहेच, पण त्यात स्वॅप छोटा येतो, हायबरनेटसाठी हाताने रॅमएवढा कर. आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (सगळे व्हॉल्यूम ज्यातून जागा घेतात तो साठा) थोडी जागा रिकामी सोड, सगळी होमला देऊन टाकतात लोक नि मग स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) घ्यायला जागा नाही म्हणून रडतात.

सह्यकडा: +1. हार्डडिस्क मात्र त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घालू नको. एखादा व्हॉल्यूम दोन्ही डिस्कवर पसरला आणि जुनी डिस्क गेली की तो व्हॉल्यूम गेला. तिला वेगळं लक्स कर, की-फाइल (पासवर्डऐवजी चालणारी फाइल) रूटवर ठेव (परमिशन 0400, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल) आणि क्रिप्टटॅबमध्ये (बूटला कोणती एन्क्रिप्टेड डिस्क कशी उघडायची ती यादी) तिचा पाथ दे, म्हणजे दुसरा पासवर्ड नको.

चहाबाज: भारी. पासवर्ड देवनागरीत ठेवला तर? कुणाच्या बापाला सुचणार नाही 😄

सह्यकडा: तुलाही टाकता येणार नाही. बूटच्या वेळी तिथे इनस्क्रिप्ट (देवनागरी) कीबोर्ड नसतो, साधी इंग्रजी अक्षरं वापर आणि लांबलचक ठेव.

पेंग्विनताई: हेडर (डिस्कच्या सुरुवातीचा भाग, डेटा उघडायच्या किल्ल्या त्यात असतात) बॅकअपचं कुणीच बोललं नाही?? लक्स2 (लक्सची नवी आवृत्ती) चं हेडर डीफॉल्टला 16 एमबीचं असतं, ते खराब झालं तर पासवर्ड पाठ असून उपयोग नाही, डेटा गेलाच. इन्स्टॉल झालं की लगेच क्रिप्टसेटअपच्या लक्सहेडरबॅकअप कमांडने बॅकअप घे आणि फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेव, त्याच डिस्कवर ठेवून काय करणार. अजून एक, पुढे पासवर्ड बदललास तरी या जुन्या फाइलमधल्या हेडरवर जुना पासवर्ड चालतोच. म्हणजे जुना फुटला म्हणून बदलला असशील तर जुनी फाइल नष्ट कर आणि नवा बॅकअप घे.

रूटवाला: ताई बरोबर. @चहाबाज, बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही केलेली सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे का? तो चालू असला की डेबियनचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) लॉकडाउनमध्ये (कडक सुरक्षा मोड) जातो आणि हायबरनेट करूच देत नाही, लोक उगाच स्वॅपमध्ये चूक शोधत बसतात.

चहाबाज: चालू आहे 😐 म्हणजे दोन्हीपैकी एकच?

रूटवाला: हो, डेबियनच्या स्टॉक (जसाच्या तसा) कर्नलवर एकच. मी तर सिक्युअर बूट ठेवला आणि हायबरनेट सोडलं, सरळ शटडाउन करतो, एनव्हीएमईवर बूटला वेळ लागतोच किती.